पाटी कुठे लावायची

मुलुंड पूर्व
१४ मे २०२५

ती. अनंतकाका,

नमस्कार. पाया पडायला रविवारी कांजूरला येईनच, तोवर हा कागदावरचा गोड मानून घ्या.

मुलुंड ते कांजूरमार्ग असं कितीसं लांब, आणि ही पत्र कसलं पाठवते, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. समोर बसून बोलायचं तर इतकं मोठ्याने बोलावं लागतं की तुमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना कळतं, आणि स्वयंपाकघरातल्या काकीला तर नक्कीच. म्हणून हे पाकीट वाचनालयात मार्तंडकाकांकडे ठेवते आहे. पेपर वाचायला जाल तेव्हा तिथेच वाचा. घरी न्यायचं की नाही ते मग तुम्ही ठरवा.

इकडे सगळं ठीक. आमच्या मुलांच्या आयसीयूत सध्या दोन खाटा रिकाम्या आहेत, त्यामुळे दुपारची लिहायला सवड मिळाली. पाऊस सुरू झाला की डेंग्यू येतो आणि मग दिवाळीपर्यंत डोकं वर काढता येत नाही. कैऱ्या पोचल्या. लोणचं घालणं माझ्याच्याने होणार नाही हे काकीला पक्कं ठाऊक आहे, तरी ती पाठवते आणि मी मीठ लावून खाते.

सौरभचा बेंगळुरूहून फोन आला होता. चाळीच्या जागी नवी बिल्डिंग झाली, बिल्डरने कॉर्पसचे म्हणून एकरकमी पैसे दिले, आणि तुम्ही दोघांनी ते आमच्या हॉस्पिटलला व्हेंटिलेटर घेण्यासाठी द्यायचं ठरवलंत, त्याच्या अनयच्या नावाने, असं त्याने सांगितलं. नंतर काकीचाही फोन आला. पाटी पितळेची करायची की ग्रॅनाइटची, एवढंच तिला विचारायचं होतं. घाटकोपरच्या दुकानात जाऊन ती नमुने बघून आली आहे. ‘कै. अनय सौरभ परब, वय वर्षे पाच, याच्या स्मरणार्थ आजी-आजोबांकडून.’ मजकूर तिने मला दोनदा वाचून दाखवला. मग म्हणाली, “माझ्या नातवाक मशीन गावलां नाय गो, दुसऱ्याच्या नातवाक तरी गावांदे.”

मी पितळेची कर म्हटलं.

आता मुद्द्याचं लिहिते. आमच्याकडे व्हेंटिलेटर आहेत. कोविडनंतर लोकांनी इतके दिले की त्यांतले काही कव्हर घालून स्टोअरमध्ये उभे आहेत, प्रत्येकावर पाटी आहे. एकावर एका सराफाच्या आईचं नाव आहे. तो दरवर्षी तिच्या श्राद्धाच्या दिवशी येऊन मशीनला हार घालतो. त्याच्या आदल्या दिवशी आमचे वॉर्डबॉय ते बाहेर काढून पुसून ठेवतात. गृहस्थ फार समाधानाने घरी जातो.

आमची अडचण वेगळी आहे. डेंग्यूचं मूल शॉकमध्ये आलं की सलाइन द्यावं लागतं. कमी दिलं तर बीपी पडतं, जास्त दिलं तर फुप्फुसांत पाणी भरतं. किती द्यायचं याचे तक्ते आहेत, पण ते सरासरी मुलाचे, आणि समोर येणारं मूल काही सरासरी नसतं. आमच्या प्रमुख दीप्तीमॅडमच्या डोक्यात बरेच दिवस एक कल्पना आहे. हातात मावेल अशा छोट्या सोनोग्राफीने मुलाची छाती आणि पोट सारखं बघत राहायचं, पाणी साठतंय की अजून कमी पडतंय ते डोळ्यांनी पाहायचं, आणि त्यावरून सलाइन ठरवायचं. मधूनमधून आम्ही तसं करतोही. पण त्याने मुलं खरंच जास्त वाचतात का, हे आम्ही कधी नीट मोजलेलं नाही. मोजायचं तर आमच्याकडे आणि गोवंडीच्या एका हॉस्पिटलात मिळून अख्खा पावसाळा तेच करावं लागेल, आणि फक्त त्याच कामाला दोन नर्स लागतील.

मोठ्या संस्थांकडे गेलो. त्या म्हणतात, आधी लहान प्रमाणावर करून दाखवा, मग या. लहान प्रमाणावर करायला पैसे मागायला गेलो की लोक विचारतात, कोणतं मशीन घ्यायचंय? आम्ही म्हणतो, पगार द्यायचेत. मग चहा येतो आणि विषय बदलतो. एका शेठनी तर मॅडमना सरळच विचारलं, “मग पाटी कुठे लावायची?” नर्सच्या पाठीवर काही लावता येत नाही.

काका, तुमचे पैसे मला त्या दोन नर्सांसाठी हवे आहेत. जून संपायच्या आत नेमल्या नाहीत तर हा पावसाळा हातचा गेला, म्हणजे वर्ष गेलं. आणि एक गोष्ट आधीच सांगते. वर्षाच्या शेवटी असंही निघेल की सोनोग्राफी करून काहीच फरक पडत नाही. तेव्हा तुम्हाला दाखवायला माझ्याजवळ मशीनही नसेल आणि पाटीही नसेल.

एवढं लिहून मी उठले आणि राउंड घेऊन आले. पत्र इथेच संपवायचा विचार होता. पण मशीन नको म्हटलं की काकी विचारणार, का नको? ते सांगायचं तर अनय गेला त्या दुपारबद्दल लिहावं लागेल. इतका वेळ मी तेच टाळत होते.

तेव्हा मी याच आयसीयूत शिकत होते. पेशंट घरचा, म्हणून मला हात लावू दिला नाही, भिंतीशी उभं केलं. ते बरोबरच होतं. तेव्हापासून आपल्या घरात सगळे म्हणतात की मशीन मिळालं नाही म्हणून अनय गेला. काका, मशीन होतं. त्याच्या शेजारच्या रिकाम्या खाटेपाशी उभं होतं. त्याला धाप लागायला लागली तेव्हा दोन सीनियर डॉक्टरांचं एकमत होईना. एक म्हणाले, आत्ताच नळी घालून मशीनवर घेऊ. दुसरे म्हणाले, एवढ्या कमी बीपीला नळी घातली तर हृदय बंद पडेल, आधी सलाइन देऊन बीपी सावरू. दोघेही अनुभवी आणि दोघांनीही पुस्तकं तीच वाचलेली. सलाइन दिलं. बीपी सावरलं आणि फुप्फुसं भरली. नंतर नळी घालायला घेतली तोवर तो गेला होता.

पहिल्या डॉक्टरांचं ऐकलं असतं तर वाचला असता का? तशी मुलं मी तेव्हापासून बघते आहे. काही तसं केल्याने वाचली, काही उलट केल्याने वाचली. मला माहीत नाही. आमच्यापैकी कुणालाच खात्रीने माहीत नाही, आणि ते कळावं म्हणून हा सगळा खटाटोप आहे.

तेव्हा मी बोलले नाही. मशीन नव्हतं म्हटलं की ऐकणाऱ्याला समजतं. डॉक्टरांनाच कळत नव्हतं, हे काकीला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? मला अनयची आठवण येते. रोज येते असं खोटं लिहीत नाही, पण त्याच्या वयाचं मूल खाटेवर आलं की येते, आणि मग दिवसभर जात नाही.

तुम्ही मशीन दिलंत तरी मी स्वतः उभी राहून पाटी लावून घेईन. फक्त हे ठाऊक असून मी गप्प बसले, असं व्हायला नको म्हणून लिहिलं.

तुमची
अबोली


कांजूरमार्ग
१६ मे २०२५

चि. अबोलीस,

आशीर्वाद आहेतच.

पत्र वाचनालयात वाचलं. काय झालं म्हणून मार्तंड सारखा विचारत होता, त्याला पेन्शनचं आहे म्हणून सांगितलं. डॉक्टर होऊनही तुझं अक्षर बिघडलेलं नाही, त्यामुळे सगळं लागलं.

मशीन होतं हे मला माहीत आहे. त्या दुपारी मला एकदा आत सोडलं होतं, तेव्हा मी पाहिलं. नंतर बाहेर कुणीतरी म्हणालं, मशीन मिळालं नसेल. मी गप्प राहिलो. नाहीतर घरात डॉक्टर असून पोर गेलं, असं म्हणून सगळे तुझ्यावर घसरले असते, आणि तुझं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं. सौरभलाही मी म्हटलं, असू दे, मशीनच म्हणूया. म्हणजे तू आणि मी इतकी वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

काकीला मात्र माहीत नव्हतं. आणि बँकेतलं खातं दोघांच्या नावावर आहे, चेकवर दोघांच्या सह्या लागतात. तिला न सांगता काही करता येणार नाही, म्हणून पत्र घरी आणून तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं, आता डॉक्टरांवर तोंड सोडेल, तुझ्यावरही सोडेल. तसं काही झालं नाही. उठून कुकर लावला. गॅसपाशी उभी राहिली ती तिथेच. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मगे माझ्या काढ्यान नाय ना गेलो तो?”

मला कळेचना. मग तिने सांगितलं. ताप आला त्या दिवशी सौरभ आणि जान्हवी दोघंही कामावर, अनय आमच्याकडे. डॉक्टरकडे घेऊन जा, असं जान्हवीने फोन करून सांगितलं होतं. ही म्हणाली, पोरांना ताप येतोच, उतरेल. गवती चहा आणि तुळशीचा काढा करून दिला आणि डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी नेलं. मशीन, मशीन करायची ती सगळ्यांसमोर, आणि आत हे धरून बसली होती. सून दाराशी आली की काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचे, असं आज म्हणाली. मी त्याच घरात होतो, मला काही कळलं नाही.

पैशांचं काय करायचं म्हणून विचारलं. म्हणाली, “पैशे खंय पळान जातत? पयलां ह्यां अबोलीक इचारा.” म्हणून विचारतो. खरं असेल ते लिही. माहीत नसेल तर तसं लिही, आता तेही वाचायची तिची तयारी आहे. फोन करू नकोस, कागदावरच दे, ती म्हणते कागद हातात राहतो.

तुझा
अनंतकाका


मुलुंड पूर्व
१७ मे २०२५

ती. जयंतीकाकी,

नाही.

तुझ्या काढ्याने नाही, आणि त्या एका दिवसानेही नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. तसंच करायचं असतं तर काकांना आधीचं पत्र पाठवलंच नसतं. पहिल्या दिवशी डेंग्यू साध्या तापासारखाच दिसतो. त्या दिवशी तू त्याला माझ्याकडे आणलं असतंस तर मी तपासून तापाचं औषध दिलं असतं, भरपूर पातळ पाजा आणि पडू दे, असं सांगितलं असतं आणि तुझ्याबरोबर घरी पाठवलं असतं. आजही पहिल्या दिवशीच्या मुलांना मी तसंच घरी पाठवते. या तापात धोका असतो तो ताप उतरायला लागतो तेव्हा, आणि अनयचा ताप उतरला तेव्हा तो तुझ्या घरी नव्हता, आमच्या खाटेवर होता.

त्या दुपारबद्दल मला पुष्कळ काही माहीत नाही, ते तू वाचलंच आहेस. हे मात्र मला माहीत आहे. जान्हवीलाही मी हेच सांगेन, तू म्हणशील तेव्हा, तुझ्यासमोर.

पैशांशी याचा संबंध जोडू नकोस. मशीन घे, नर्सांना दे, नाहीतर बँकेत राहू दे. उत्तर हेच राहील.

उद्या जेवायला येते. तू कागद मागितलास, म्हणून खाली सही रिपोर्टवर करते तशीच करते आहे.

डॉ. अबोली परब
बालरोग अतिदक्षता विभाग