बाबांच्या कानाचा चिमटा

देवा,

मी दुर्गला मावशीकडे जाते आहे, संध्याकाळच्या गाडीने परतेन. भाकरी आणि झुणका झाकून ठेवला आहे. शिफ्टवरून आल्यावर आधी जेव.

आणि ते नाडीचं यंत्र मोडू नकोस. काल तू म्हणालास, "बाबानं शेवटच्या दिवशी चिमटा उपटून फेकला, त्याहिले तो नकोच होता." बाबांनी फेकला नाही. मी काढला.

त्यांच्या आजारपणात वर्षभर मी त्यांचं मनगट धरून, त्यांच्याच रेल्वेतल्या गार्डाच्या घड्याळावर ठोके मोजत होते. मग तू कारखान्यातल्या रशियन इंजिनिअरनं दिलेला, उजेड ओळखणारा फोटोसेल आणि इवलासा दिवा चिमट्यात बसवून त्यांच्या कानाच्या पाळीला लावलास. उजेड पाळीतून आरपार जाई आणि ठोक्यागणिक सुई हाले. उन्हानं सुई बिघडते म्हणून बाबा कानावर काळं फडकं बांधून ऐटीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माह्या पोरानं बनवलं!" मी हात पुढे केला की म्हणत, "राहू दे वं, सुई सांगून राहिली ना." मला तुझा फार हेवा वाटला.

म्हणून त्या सकाळी तू ड्यूटीवर असताना मी चिमटा काढला आणि मनगट धरलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी विचारलं, "देवा, सुई हालून राहिली का?"

मी म्हटलं, "हो, बाबा."

त्यानंतर ते बोलले नाहीत. तू रोज विचारतोस, "काही म्हनलं का बाबानं?" आणि मी रोज नाही म्हणते. त्यांचे शेवटचे शब्द तुझ्यासाठी होते. तेवढे तरी मला ठेवून घ्यायचे होते.

तुझी बहीण,
वच्छला