मासा सोडायचा राहिला

३ जून
ब्रॅकनेलहून दोन दिवसांचा ड्राइव्ह करून स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या आमच्या नेहमीच्या कॉटेजवर, यांच्या मासेमारीसाठी. या वर्षी सगळं ड्रायव्हिंग माझं. हे शेजारी बसून दर तासाला, "रॉड घेतलास ना?" मी दर तासाला हो. एकदा खेकसले यांच्यावर. मग स्वतःचाच राग आला.
ईलिंगहून केतकीचा फोन. "आई, बाबांना पाण्याजवळ एकटं सोडू नकोस. आणि धिस इज द लास्ट इयर, ओके?" ओके म्हटलं. यांना कोण सांगणार?

४ जून
दोऱ्याला माशी मी बांधली. पिसांची ती खोटी माशी, पोटात हुक. यांना आता गाठ येत नाही. जन्मभर माणसांची पोटं शिवली यांनी. पण दोरा पाण्यावर टाकतात अजून तस्साच, अलगद. मी दगडावर, फ्लास्क घेऊन. चिलटांनी फोडून काढलं. मासा नाही. तरी खूश होते.

५ जून
ट्राउट लागला. तपकिरी, लाल ठिपक्यांचा. नियम यांचाच: आधी हात ओले करायचे, मग मासा धरायचा, हुक काढून सोडून द्यायचा. इतक्या वर्षांत एकही घरी आणला नाही.
माशासकट जाळं काठावर ठेवून हात ओले करायला वाकले आणि धुतच राहिले. बोटं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, पार कोपरापर्यंत. ऑपरेशनआधी धुवायचे तसे. मग दोन्ही हात वर धरून माझ्याकडे बघत उभे. ग्लोव्ह्ज कोणी घालतंय का म्हणून. मी फार्मसीतली, ऑपरेशन थिएटरमध्ये कधी पाऊल टाकलं नाही.
"अहो, मासा!"
"पेशंट झोपला का?"
जन्मात माशाला शिवले नव्हते. किती वेळ नुसती बघत राहिले, देव जाणे. शेवटी उचलला, तोही कोरड्याच हातांनी. हुक निघता निघेना. पाण्यात सोडला तर कुशीवर पडून राहिला.
खूप रडले. माशासाठी की

६ जून
ब्रेकफास्टला यांनी विचारलं, "कालचा गेला ना नीट?"
"गेला."
केतकीला काही कळवलं नाही. पाऊस, बाहेर पडलोच नाही. रॉड लपवून ठेवावा तर यांच्यापाशी उरतं काय? आणि पुन्हा तसंच झालं तर मला नाही बघवणार.
दुपारी हे झोपल्यावर गाडीतली पक्कड आणली. यांच्या डबीतल्या सगळ्या खोट्या माश्यांच्या हुकांची टोकं तोडली. गाठ येत होती तेव्हा यांनी स्वतः बांधलेल्या.

७ जून
दोनदा मासा वर आला. दोनदा यांनी रॉड उचलला, काही नाही. "हुशार झालेत," म्हणाले. मी हसले.
मग माशी हातात घेऊन बसले. जिथे टोक असायला हवं तिथे बोट फिरवत राहिले, बराच वेळ. मी फ्लास्कचं झाकण लावतेय, काढतेय.
माशी डबीत ठेवली, डबी माझ्या पर्समध्ये.
"उद्या लवकर निघू या."
कुठे, पाण्यावर की घरी, ते विचारायची हिंमत झाली नाही.