लो-रायडर नंदी

२७ जुलै, रविवार. सकाळी १०.
आजपासून रोजनिशी. कारण या गावात बोलण्यालायक माणूस नाही. चंद्रपूरहून मुलचेऱ्याला बदली होऊन चौदा महिने झाले. इथे स्ट्रीट कार कल्चर रुजवायचं असं मी येतानाच ठरवलं होतं. त्यासाठी आधी स्ट्रीट पाहिजे, ही एक अडचण आहे. आत्ता समोरच्या रस्त्यावर तीन म्हशी आणि चिखलात फसलेला ट्रॅक्टर.
माझं कलेक्शन: डाय-कास्ट, म्हणजे धातूच्या छोट्या गाड्या, त्रेसष्ट. सगळ्या पॅकबंद. पॅक उघडला की गाडी मेली, हे खऱ्या कलेक्टरला सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. काल ऑफिसचा शिपाई इसरू कागद घेऊन घरी आला. काचेच्या कपाटाकडे बघून म्हणतो, साहेब, पोरीची खेळणी लय जपून ठेवली जी. किळस आली. चहा न देता परत पाठवला.

२९ जुलै, मंगळवार.
आमचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, 'लो अँड स्लो विदर्भ'. सदस्य चार. मी, माझा दुसरा सिम, चंद्रपूरचा तौसीफ आणि मेहुणा धनराज, जो ग्रुप म्यूट करून बसलाय. तौसीफ गाड्या कस्टम करतो, म्हणजे पॅक फोडतो, चाकं बदलतो, नवा रंग देतो. आज त्याने जांभळी लो-रायडर टाकली. जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली. सुंदर होती. मी नुसतं 'ओके' लिहिलं. मग राहवेना, म्हणून लिहिलं की चाकं मीही बदलतो, फोटो टाकत बसत नाही एवढंच.
हे खोटं नाही. मनात मी शेकडो चाकं बदलली आहेत.

३ ऑगस्ट, रविवार.
मुलीने, नंदिनीने माझा मेसेज वाचला. वय आठ. तिला वाचायला मीच शिकवलं, चूक माझीच.
२३ तारखेला तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी ओढत मैदानात आणायचे, चांगल्याला बक्षीस. त्यासाठी तिचा लाकडी नंदी माळ्यावरून काढला, तर चारही चाकं वाळवीने खाल्लेली. या जिल्ह्यात वाळवी सोडून कोणी मन लावून काम करत नाही. बायको, स्वाती म्हणाली, लियाकतभाईकडे देऊन या, एका दिवसात करून देते तो माणूस. लियाकतभाई म्हणजे बाजारातले सुतार. पोळ्याआधी महिनाभर फक्त नंदी करतात. नंदिनी म्हणाली, काऊन? बाबाले येते ना चाकं बदलवता, मोबाईलवर लिवलं आहे.
दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, अर्थात.
संकल्प: नुसती चाकं नाही. फुल कस्टम. गावाने तोंडात बोटं घातली पाहिजेत.

८ ऑगस्ट, शुक्रवार.
डिझाइन पूर्ण (डोक्यात). गावातले नंदी बघवत नाहीत. बटाट्याएवढे डोळे, गळ्यात चमचमता कागद, शिंगांना फुगे. शी. माझा नंदी काळपट लाल, चकचकीत. स्पोकची चाकं ऑनलाइन मागवली. नंदिनीने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलंय. हरकत नाही, पब्लिसिटी झाली.

१२ ऑगस्ट, मंगळवार.
लियाकतभाईंच्या दुकानात गेलो. केवळ निरीक्षणासाठी. तीसेक नंदी ओळीने उभे. त्यांनी एक उचलला, एक डोळा मिटून आसाकडे पाहिलं, रंध्याचा एक हात मारला, फळीवर सोडला. सरळ गेला. मला काही विशेष वाटलं नाही.
म्हणाले, साहेब, बेबीचा नंदी आणा ना, तुमाले टाइम कुठी भेटते. मी समजावलं की माझा विषय वेगळा आहे, स्टान्स, राइड हाइट वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, उंची पोट पाहून ठेवा जी, मैदानात गोटे लय राह्यते. न मागता सल्ला देणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

१७ ऑगस्ट, रविवार.
रंग दिला. या दमट हवेत तो वाळत नाही. दिव्यावर येणारी पाच पाखरं चिकटली. काढायला गेलो तर पंख तिथेच राहिले. तौसीफच्या भाषेत याला फ्लेक फिनिश, म्हणजे कणीदार चमक, म्हणता येईल.
स्वाती म्हणाली, अजून बी वेळ गेली नाई. मी दुसरा हात द्यायला ब्रश उचलला.

१९ ऑगस्ट, मंगळवार.
चाकांची ऑर्डर रद्द. या पिनकोडवर येत नाही म्हणे. अकरा दिवसांनी कळलं त्यांना पिनकोड काय आहे ते. संताप.
घरात स्पोकची चाकं एकाच ठिकाणी आहेत. गाडी नंबर एक. मोठ्या स्केलची अमेरिकन लो-रायडर, सोनेरी स्पोक, नऊ वर्षं पॅकबंद. लग्नाच्या अल्बमपेक्षा जपलेली. तो विषय नाही.
संध्याकाळी नंदिनीने बिनचाकांचा नंदी माझ्या टेबलावर आणून ठेवला. तसाच ठेवून अभ्यासाला बसली.

२० ऑगस्ट, बुधवार. सकाळी ६.
नंबर एकचा पॅक फोडला.
कारण नोंदवून ठेवतो: पॅकबंद गाड्यांना आता पूर्वीसारखं मार्केट राहिलेलं नाही. दुसरं कारण नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
चाकं निघेनात. दुसऱ्या सिमवरून ग्रुपवर विचारलं, चाक कसं काढतात. तौसीफने सगळं नीट समजावलं. शेवटी लिहिलं, अडलं तर दिनेश सरांना विचारा, ते एक्स्पर्ट आहेत. दिनेश सर म्हणजे मी.
दुसऱ्या सिमवरून 'धन्यवाद' लिहिलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार.
चाकं बसली. नंदीच्या जुन्या चाकांच्या निम्मीसुद्धा नाहीत, त्यामुळे पोट थेट जमिनीला टेकतं. अर्धा तास नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं की लो-रायडर म्हणतात तो हाच. नकळत मी विदर्भातला पहिला लो-रायडर नंदी केला. फरशीवर ढकलला की जातो. ढकलायचं थांबवलं की थांबतो.
नंदिनीने विचारलं, बाबा, हा चालन का? मी म्हणालो, हा चालत नाही, क्रूझ करतो. तिने पोटाखाली बोट घालून बघितलं आणि म्हणाली, मस्त आहे. मग दोघी मायलेकी दूध आणायला म्हणून गेल्या. तासाभराने आल्या. दूध आणलंच नाही. या घरात एक काम धड होत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.
सुट्टी. गावभर बैल, शेण, ढोल. घरात बसून उद्याचं भाषण तयार केलं. पहिलं बक्षीस घेताना दोन शब्द बोलायला सांगतातच.

२३ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
मैदानात पन्नासेक पोरं, दोऱ्या धरून. रात्रीच्या पावसाने सगळा चिखल. नंदिनीने माझा नंदी ओढला. दहा पावलं गेला. पोटाखाली गोटा आला, दोन सोनेरी चाकं निखळली. एक चिखलात गेलं ते गेलंच. परीक्षक लटारूभाऊ, रिटायर मास्तर, वाकून विचारतात, बेटा, बैल बिमार आहे का? सगळं मैदान हसलं. मी हँडपंपाकडे बघत उभा राहिलो.
नंदिनी हसली नाही. खणखणीत आवाजात म्हणाली, बिमार नाई जी, लो-रायडर आहे. माझ्या बाबानं केला. त्याच्यासाठी बाबानं सगळ्यात भारी गाडी फोडली.
एवढं बोलून तिने नंदी उचलून डाव्या काखेत घेतला. चिखलाने नवा फ्रॉक माखला. स्वातीने पिशवीतून दुसरा नंदी काढून तिच्या हातात दोरी दिली. पांढरा, साधा, उंच पायांचा. लियाकतभाईंचा. दूध आणायला गेल्या होत्या तेव्हा सांगून आल्या होत्या. आम्ही घरी गेल्यावर स्वातीने सांगितलं की नंदिनीने लियाकतभाईंना बजावलं होतं, बाबाले सांगू नका, त्याले वाईट वाटते.
तिसरं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. नंदी कोणी केला विचारल्यावर तिने दोन नावं सांगितली, लियाकतभाईंचं आणि माझं. मग माझा नंदी काखेत तसाच ठेवून घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याचे खाऊचे पैसे, मागत फिरली. मी मागून चालत होतो. माझं भाषण खिशातच भिजलं.
आज पहिल्यांदाच गावाची किळस आली नाही. ज्याची आली त्याचं नाव दिनेश.

२५ ऑगस्ट, सोमवार.
सकाळी कपाट उघडलं. नंबर एकच्या रिकाम्या खोक्यात माझा नंदी. तीन चाकं, पाच पाखरांचे पंख, पोटाला वाळलेला चिखल. चारी बाजूंनी चिकटपट्टी. वर नंदिनीच्या अक्षरात चिठ्ठी: पॅक उघडू नये.
ग्रुपमधून दुसरा सिम काढला. तौसीफला लिहिलं, मला चाकं बदलता येत नाहीत. त्याने उत्तर पाठवलं, माहीत होतं सर, येत्या रविवारी या, शिकवतो. परवा लियाकतभाईही म्हणाले होते की शिकायला त्यांच्या दुकानात येऊन बसा. आधी कुठे जायचं ते ठरलं नाही.
संध्याकाळी इसरू कागद घेऊन आला. सवयीने कपाटाकडे बघितलं आणि म्हणाला, साहेब, पोरीचं हे खेळणं मोडलं वाटते जी?
मी म्हणालो, पोरीचं नाही. माझं आहे.
त्याला बसवलं. चहा दिला.