अण्णांचा दुसरा शब्द

१४ जुलै, रविवार

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील, आणि नसलास तरी कळवणार नाहीसच. फोनवर तू नुसता हं-हं करतोस, म्हणून लिहायला बसले.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. एवढं मोठं पत्र आणि त्यात कामाचा प्रश्न एकच: 'मी आलो तर अण्णांना चालेल का?' उत्तर लगेच दिलं नाही. चष्म्याच्या दुकानात मी एकटी होते, मालक सुट्टीवर गेले होते, आईचा गुडघा धरला होता. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही खरं कारण नाही. ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं. मध्येच पान उलटून शेवट बघू नकोस.

अण्णांचा पलंग आता पुढच्या खोलीत, खिडकीशी हलवलाय. अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात अजून निपचित पडून असतो, पण पाय ऐकायला लागलाय. काठी टेकत न्हाणीघरापर्यंत जातात आणि कोणी हात धरायला गेलं की डोळे वटारतात. बोलणं मात्र अडलं ते अडलंच. वाचा-उपचाराच्या बाई येतात, चित्रांची कार्डं दाखवतात. किल्ली, कंगवा, कप. अण्णांना सगळं कळतं रे. ओठ हलतात, कपाळावर घाम येतो आणि आवाज काही येत नाही. उभा जन्म वर्गात इंग्रजी शिकवण्यात गेलेला माणूस. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे आणि रडून घ्यायचे.

मग गेल्या महिन्यात, भर दुपारी, बाईंनी कपाचं कार्ड धरलं आणि अण्णा बोलले. खणखणीत. पार मागच्या बाकापर्यंत जाईल असं. आईला आभाळ ठेंगणं झालं. तशीच ओल्या हातांनी शेजारीपाजारी सांगत सुटली. बाई म्हणाल्या, या दुखण्यात असं होतं, एखादाच शब्द आधी सुटा होतो आणि काही दिवस तोच सगळ्याला वापरला जातो.

तुला फोनवर 'अण्णा बोलले' एवढंच कळवलं. तू विचारलंस, काय बोलले? आई म्हणाली, "असंच, काहीतरी." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "त्याला सांगू नकोस हो. पोरगा पुन्हा तोंड दाखवायचा नाही."

तर तो शब्द 'मिझरेबल' होता.

आता पत्र बाजूला फेकू नकोस. बस खाली.

तुला आठवतं, लहानपणी एक शब्द घेऊन ते आपल्याला कसे पिळून काढायचे? जेवायला बसायच्या आधी वाक्यं करा. दिवस मिझरेबल असतो म्हणजे कुंद, ओलाकिच्च. माणूस मिझरेबल असतो म्हणजे दुःखी. पगार मिझरेबल असतो म्हणजे तुटपुंजा. वागणं मिझरेबल असतं म्हणजे हलकट. "एका शब्दाला एकच अर्थ चिकटवून बसतो तो आळशी," म्हणायचे. आता स्वतःच सगळी वाक्यं करतात. खिडकीबाहेर झड लागली की मिझरेबल. आईनं चहा अर्धा कप दिला की कपात डोकावून मिझरेबल. वरच्या मजल्यावरचे काका येऊन तासभर स्वतःच्या आजारांचं पुराण लावतात, ते उठायच्या आत मिझरेबल. काकांना वाटलं अण्णा स्वतःच्या नशिबाला बोल लावतायत. बिचारे डोळे पुसत गेले. सूर ओळखून काय हवंय ते आम्हाला बरोबर कळतं. पहाटे कधीतरी हळूच म्हणतात, तेव्हा अर्थ कळतो आणि मी नुसती शेजारी बसते.

पण या शब्दाचा आणखी एक वापर आपल्या घरात झाला होता, ते तूही विसरला नाहीस आणि मीही. तू शेवटचं वर्ष सोडून फ्रिज दुरुस्तीच्या कामाला लागलास, त्या दिवशी दारात उभं राहून ते तुला 'मिझरेबल फेल्युअर' म्हणाले. तू पिशवी उचललीस. दवाखान्यात आलास तेही काचेबाहेरून बघून परत फिरलास. आणि देवानं त्या माणसाच्या तोंडात शब्द परत दिला तोही हाच. सांग, कुठल्या तोंडानं कळवणार होते मी तुला? आलास आणि तुझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा तेच म्हटलं तर? त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

काल बाईंनी घरच्यांचे फोटो मागितले. मी आईचा दिला, माझा, आत्याचा आणि तुझाही. तोच, दुकानासमोर तुझ्या मोटरसायकलला टेकून पाना घेऊन उभा आहेस तो. आईनं मला असा चिमटा काढला की अजून वळ आहे.

आईचा फोटो बघून अण्णा इतक्या गोड आवाजात मिझरेबल म्हणाले की आई या वयात लाजली. माझ्या वेळी दटावल्यासारखं. आत्याच्या वेळी असं ठासून की बाईसुद्धा हसून हसून खुर्चीला टेकल्या. मग तुझा फोटो समोर आला.

त्यांचं तोंड उघडलं. 'मि' आलाच होता, मी ऐकला. आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले.

बाई म्हणाल्या, "बोला, येईल ते बोला." अण्णांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. बाई नंतर सांगत होत्या, हा शब्द शिंकेसारखा येतो, माणसाला आवरत नाही. अण्णांनी आवरला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, डाव्या मुठीत चादर गोळा झाली. आई म्हणाली, "पुरे हो, दमलात." बाईंनी तिला हातानंच थांबवलं.

आणि ते म्हणाले, "ये."

बाईंनी विचारलं, "कुणाला बोलावताय?" त्यांनी डावं बोट फोटोतल्या तुझ्या तोंडावर ठेवलं आणि पुन्हा म्हणाले, "ये."

या खेपेला मी स्वयंपाकघरात गेले नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, भोकाड पसरलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मिझरेबल.

ठोंब्या, आम्ही जिंकलो रे. मोठ्या डॉक्टरांनी फार आशा धरू नका असं सांगितलं होतं, त्या माणसानं शब्द मिळवला, आणि तो मिळवला तो तुझ्यासाठी. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी कोण देणार? ज्यांना विचारायचं होतं त्यांनी दिलंय. मी फक्त टपाल टाकते.

आज सकाळपासून खिडकीशी बसलेत. बाई नाहीत, कार्डं नाहीत, कुणी बोला म्हणत नाही. रस्त्यावरून मोटरसायकल गेली की मान लांब करून बघतात, आणि म्हणतात, "ये."

लिहिणारी, तुझी ताई
बोलावणारे, अण्णा