डिकीतल्या पाण्याचा उगम

यासना,

तुझ्या गाडीच्या डिकीत पाणी कुठून येतं ते सापडलं. मी टॉर्च घेऊन आत आडवा झालो, शेजारच्या रादेनं बाहेरून नळीनं पाणी मारलं. मागच्या डाव्या दिव्याचं रबर गेलंय. पावसाचा काही दोष नाही. तू ग्राट्सला निघालीस की सुखरूप परत यावीस म्हणून आई गाडीमागे पाणी टाकते ना, ती अख्खी बादली नेमकी त्या दिव्यावर ओतते.

नवं रबर चिकटवलंय. आईला म्हटलं, "अगं, पेलाभर टाकलंस तरी चालतं."

"पूर्वी पेलाभरच टाकायचे. पोरगी वर्षभर फिरकली नाही."

मग मी गोंदाचा आणखी एक थर दिला. तो वाळायला उद्याची संध्याकाळ होईल. आज निघू नकोस.

रादेची नळी देऊन येतो. बुरेक ओव्हनमध्ये आहे.

बाबा