दुसरा ब्रश

निजामपुरा, बडोदे
बुधवार, ८ जानेवारी २०२५

चि. संजीव,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे, आणि तुझ्यामार्फत त्या सगळ्यांना, ज्यांच्या घरातल्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवल्या आणि ज्याच्या हातातल्या अवजाराने भर कामात दगा दिला. अण्णांच्या ब्रशचं डोकं दांड्यातून निखळून सयाजीगंजमधल्या त्या बंगल्याच्या मोझॅकवर पडलं, तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी तेरा. हिरवा ऑइलपेंट होता. घरमालक खुर्ची ओढून बसला आणि अण्णा रॉकेलच्या बोळ्याने फरशी घासत राहिले. दुपारभर. ब्रश बनवणाऱ्याला कुणी त्या फरशीवर गुडघे टेकायला लावलं नाही. रागावलो आपण दोघंही. मी त्या रागाची भाषणं केली. तू त्याचा ब्रश केलास.

तर ऐक. तो ब्रश जिंकला. चाळीस दिवस, बारा रंगारी, कारेलीबागेतल्या सोसायटीच्या सहा इमारती. लाकडी दांड्याचे एकोणीस ब्रश कचऱ्यात गेले. तुझ्या धातूच्या दांड्याचे बारा घेऊन सुरुवात केली होती, बाराच्या बारा शिल्लक आहेत.

माझी प्रकृती बरी आहे. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझ्या लेकीला, उत्कर्षाला, तिच्या नव्या नोकरीबद्दल आशीर्वाद सांग. नाशिकला थंडी बरीच असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर फोनवर मी तुला बोलू दिलं नसतं. पत्र तू कुठेही थांबवू शकतोस, हा त्याचा मोठा गुण.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सभेबद्दल मी इथे लिहिणार नाही. आधी ब्रशचं सांगते.

ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढलं. गुणवंतभाई आले. आपल्या रंगारी मंडळातले सगळ्यात जुने रंगारी, तुला माहीतच आहेत, बोलायला सांगितलं तर चार शब्दांत आटपणारे. मी चहा घेऊन बाहेर आले तर ते प्रायमरच्या डब्याचं झाकण उघडत होते, आणि ते उघडत होते ब्रशच्या दांड्याने. जे करू नका म्हणून मी पंधरा वर्षं रंगाऱ्यांना सांगत आले, दांडे त्यानेच मोडतात म्हणून. पण दांडा मोडला नाही. त्याची शेपूट चपटी होती, झाकणाच्या कडेखाली बरोबर गेली आणि झाकण सुटलं. मग त्यांनी त्याच शेपटीने रंग ढवळला. दांडा चकाकत होता.

"हा कुठून आणलात, गुणवंतभाई?"

"संजीवभाईनो छे. बीजो."

"दुसरा म्हणजे?"

"पेलो भारे हतो ने. आ पोलो छे."

पहिला जड होता, हा पोकळ आहे. एवढं सांगून ते भिंतीकडे वळले. मी त्यांना वळू दिलं नाही. कधीपासून वापरताय? दोन वर्षं. केस झिजले की? रिंग सोडवून डोकं बदलतो, चौथं डोकं आहे हे. रात्रभर पाण्यात ठेवता? ठेवतो, लाकूड नाही तर फुगणार काय. आणि ही काळी पट्टी? ती माझी, म्हणाले, सायकलची ट्यूब कापून चढवली आहे, घामाने दांडा हातात फिरायचा.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी ब्रश डब्याच्या कडेला पुसला. "तमे पूछ्युं क्यां, बेन? तमे तो बोलतां हतां."

तुम्ही विचारलंत कुठे, तुम्ही तर बोलत होतात. तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, पंधरा वर्षं मंडळाची चिटणीस आहे. इतकं नेमकं मला आजवर कुणी सुनावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ब्रश घेऊन मकरपुऱ्याला धवलकडे गेले. तुझ्या हाताखाली टूलरूममध्ये शिकलेला धवल, आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. त्याने ब्रश हातात घेतला, बोटाने दांडा तोलला आणि म्हणाला, "मॅडम, हे साहेबांचं काम. कड कशी मारली आहे बघा." मला कडेत काही दिसलं नाही. मला त्याचा चेहरा दिसला. त्याने मापं घेतली आणि लेथवर एकेक करून बारा नमुने बनवून दिले. गुणवंतभाईंनी प्रत्येकावर ट्यूब चढवली.

परीक्षा मी सोपी ठेवली नाही. माझ्या शत्रूंनी घेतली असती तशी घेतली. वीस दिवसांनी कुणाचा ब्रश कुणाकडे हे बदललं, म्हणजे चांगला हात ब्रशला वाचवतो आहे असं कुणी म्हणायला नको. सकाळच्या थंडीत दांडा गार लागतो अशी तक्रार आली, ती लिहून घेतली. ट्यूब थोडी लांब केली, तक्रार गेली. वायरिंगजवळ धातू नको, असं एकाने बजावलं. त्याचं म्हणणं खरं होतं. बटणांच्या पट्टीपाशी काम असेल तर मेन स्विच बंद, हा नियम आता मंडळाचा आहे. एक ब्रश तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून सिमेंटवर पडला. पोचा आला. त्याच दुपारी तो पुन्हा कामावर होता.

लाकडी ब्रशांपैकी अकरा डोकं धरणारी पत्र्याची पट्टी सैल होऊन गेले, आठ झाकणं उघडताना मोडले. यातलं शहाणपण तुझं, आणि ते मला आत्ता कळतं आहे. मी म्हणत होते, रंगाऱ्याने झाकण दांड्याने उघडू नये. तू म्हणालास, तो उघडणारच, तर उघडता येईल असा दांडा करू. माणसांना सुधारायला निघालेली मी, आणि अवजार सुधारणारा तू. आपल्या दोघांत रंगाऱ्याचा आदर कुणी जास्त केला ते मला कुणी विचारू नये.

लहरीपुऱ्यातले ब्रशचे व्यापारी मानसिंगराव परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मुद्दाम पाहायला आले. तेच, कोट घालून गल्ल्यावर बसणारे.

"नीराताई, राग मानू नका. पण ब्रश टिकला तर गिऱ्हाईक टिकत नाही. रंगारी दर महिन्याला माझ्या दुकानाची पायरी चढतो, ती या लाकडाच्या कृपेने."

"तुमच्या दुकानाचं कुलूप कशाचं आहे?"

"पितळेचं."

"लाकडाचं का नाही लावलंत? कुलूपवाल्याचीही पायरी चढला असतात दर महिन्याला."

रंगारी हसले, मानसिंगरावही हसले. "तुमच्याशी बोलायचं तर सोबत वकील आणायला हवा." मग बराच वेळ ते ब्रशचं डोकं सोडवत आणि बसवत राहिले आणि जाताना हळूच म्हणाले, "पहिले शंभर माझ्याकडे ठेवा. पण बदलायची डोकी माझ्याकडूनच घ्यायची, काय?" विरोधक असा घरी जावा.

आता ते, जे लिहिणार नाही म्हणाले होते.

डिसेंबर २०२२. सभा रविवारी होती. आदल्या दिवशी सकाळी तू माझ्याकडे आलास. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभा होतास. मी पोहे परतत होते. तू म्हणालास, "ताई, पहिला जड झाला आहे, मला कळलं आहे. सव्वादोनशे ग्रॅम, मनगट धरतं. पोकळ नळीचा दुसरा केला आहे, शेपूट तेवढी राहिली आहे. पंधरा दिवस दे. उद्या ब्रशचा विषय काढू नकोस." मी म्हणाले, नाही काढत. तू पोहे खाल्लेस, लिंबू मागून घेतलंस आणि गेलास.

आणि दुसऱ्या दिवशी दोनशे माणसांसमोर मी उभी राहिले. रंगाऱ्यांच्या हातावर बोलत होते. कुणीतरी मागून ओरडलं, तुमच्या भावाचा लोखंडी ब्रश कुठे आहे? आणि मला ते वाक्य सुचलं. "तो ब्रश नव्हता, बेडी होती. फरक एवढाच की मनगटात घालायची ती मुठीत दिली." सभागृह उठलं. टाळ्या थांबेनात. तू दुसऱ्या रांगेत बसला होतास, गुणवंतभाईंच्या शेजारी, आणि तुझ्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते काय होतं हे मला ऑक्टोबरपर्यंत कळलं नाही. तू शेपूट रात्रीत पुरी केली होतीस. मला दाखवायला आणला होतास. उठून जाताना तू ते गुणवंतभाईंच्या हातात ठेवलंस.

महिन्याभरात तू कारेलीबागेतला फ्लॅट विकलास. संजीव मुलीसाठी नाशिकला गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. दोन वर्षं सांगितलं, आणि इतकं चांगलं सांगितलं की मीही ऐकून घेतलं. स्वतःला मी असंही पटवलं होतं की पहिला ब्रश जड होताच, मी खोटं काय बोलले. खोटं बोलले नाही. पण दुसरा तयार होतो आहे हे त्या सभागृहात तुझ्याखेरीज फक्त मला माहीत होतं, आणि मी तुला शब्द दिला होता. तत्त्वासाठी मोडला असता तर आज मान वर करून लिहिलं असतं. वाक्य चांगलं होतं, म्हणून मोडला. याला दुसरं कारण नाही.

या रविवारी, पाच तारखेला, त्याच सभागृहात सभा घेतली. दीडशेच्या वर माणसं होती. बारा ब्रश टेबलावर मांडले होते, पोचा आलेला सगळ्यांत पुढे. लोकांना मोठ्या भाषणाची सवय, ते सरसावून बसले. मी चार वाक्यं बोलले. हा ब्रश माझ्या भावाने बनवला. दुसरा हलका येतो आहे हे त्याने मला आधी सांगितलं होतं, आणि गप्प राहायचा शब्द मी दिला होता. तो मोडून मी याच जागेवरून त्याची टिंगल केली. तुमच्या हातांची दोन वर्षं त्यात गेली, ती माझ्या नावावर लिहा.

टाळी वाजली नाही. बरं झालं. मग गुणवंतभाई उभे राहिले, आपण होऊन, आयुष्यात पहिल्यांदा.

"बेन, बे वरस मोडुं थयुं. पण माप बराबर छे. हवे बेसो."

उशीर झाला, पण माप बरोबर आहे, आता बसा. मी बसले. आणि माणसं पुढे आली, संजीव. एकेक ब्रश उचलत होते, डोळ्यांसमोर धरत होते, मुठीत फिरवत होते. कुणी रिकाम्या डब्याचं झाकण पंधरा वेळा लावून पंधरा वेळा उघडलं. पाचशे ब्रशांचा ठराव एकमताने झाला. इतक्या वर्षांत मी सभा उठवल्या, मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना कचेरीतून खाली उतरायला लावलं. पण रविवारी त्या सभागृहात मी काही बोलत नसताना जे घडलं, तेवढा मोठा विजय मी पाहिलेला नाही. अण्णा असते तर त्यांनी झाकण उघडून बघितलं असतं, सोळाव्यांदा.

आता अडचण. पाचशे दांडे लेथवर एकेक करून होत नाहीत, त्याला डाय, म्हणजे पोलादी साचा, लागते. धवलने ड्रॉइंग काढलं. मंडळाच्या कार्यालयातून छापून आलं तेव्हा उजव्या कोपऱ्यातल्या चौकोनात, आराखडा कुणाचा या शब्दांपुढे, माझं नाव होतं. कुणी वाईट हेतूने टाकलं नव्हतं, चिटणीस म्हणून टाकलं. मी ते लगेच खोडलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण एक दिवस तो कागद टेबलावर तसाच होता. मग खोडलं, आणि चौकोन रिकामा ठेवून नवा छापून घेतला.

तो घेऊन धवलकडे गेले. म्हटलं, कर सुरू. त्याने कोपरा बघितला आणि कागद परत दिला.

"नमुन्याला चालतं, मॅडम. डायला सही लागते. ज्याने आखलं त्याची. साहेबांनीच शिकवलं आहे, सहीशिवाय पोलादाला हात लावायचा नाही."

"अरे, मंडळाचा ठराव आहे. दीडशे माणसांनी हात वर केले आहेत."

"त्यातला एकही हात साहेबांचा नव्हता."

मी वाद घातला नाही. मला हरवता येत नाही असा माणूस बडोद्यात तुझ्यामागे राहिला आहे हे बघून बरं वाटलं. पोलाद त्याच्या रॅकवर पडून आहे. पाचशे रंगारी थांबले आहेत.

ड्रॉइंग सोबत पाठवते आहे. मापं तपासून बघ. शेपटीच्या जाडीबद्दल धवलला शंका आहे, चुकलं असेल तर लाल पेनने मार, तो तसं करेल. मला माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ, मी त्यासाठी अर्ज करत नाही आणि ही सही म्हणजे माफी असंही समजणार नाही. बडोद्याला ये असंही आज म्हणत नाही.

उजव्या खालच्या कोपऱ्यात तो चौकोन आहे. त्यात सही कर आणि कागद धवलच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठव, मला नको. पाकिटावर पत्ता घालून ठेवला आहे. शनिवारचं पोस्ट गाठ.

चिटणीस नव्हे, नुसती
तुझी ताई,
नीरा