नळाचा रंग

अंधेरी, मंगळवार

सौ. राधाबाईस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जेथे आहेस तेथे माझ्या आशीर्वादाचे प्रयोजन नसावे. तथापि पत्राची रीत माझ्याने मोडवत नाही. तू गेल्यानंतर प्रथमच लिहीत आहे. आज आपल्या मोरीतला नळ तुटला, आणि ती हकीकत दुसऱ्या कोणाजवळ बोलण्याची मला लाज वाटते.

सूनबाई सुमती बाळंतपणासाठी मालाडला माहेरी गेली, त्यापूर्वी तिने नळाला बांधलेले फडके मला दाखविले होते. गंजाने तांबडेलाल! "मामंजी, ह्या पाण्यानं बाळाला अंघोळ कशी घालू?" असे तिने विचारले. मी उत्तर दिले, "तुमच्या माहेरी विहीर आहे. नळाच्या पाण्याची पारख तुम्हांस कोठून असणार?" तिने फडके पुन्हा नळाला बांधले. परंतु मुलीचे बारसे होऊन गेले तरी ती परतली नाही. पाणी शुद्ध होईल तेव्हा येईन, असा तिचा निरोप आहे. वसंत दर रविवारी लेकीला पाहून येतो. मी आपल्या नातीचे मुख अद्यापि पाहिलेले नाही.

आळीतला पहिला नळ आपल्या घरी आला, हे मी कसे विसरावे? तू त्यास हळदकुंकू वाहिलेस आणि शेजारणींना बोलावून प्रत्येकीची कळशी भरून दिलीस. त्या नळास कोणी नावे ठेवावीत, हे मला सहन होत नाही. दर दिवाळीस दारे-खिडक्यांबरोबर मी त्यालाही तेलरंग देत आलो. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी तू हिरव्या रंगाचा हट्ट धरलास, आठवते? "घरात लक्ष्मी यायची, नि नळ तेवढा भिकाऱ्यासारखा?" असे म्हणून रंगाचा डबा धरून तूच उभी राहिलीस!

आज वसंताने मला न विचारता प्लंबर आणला. दत्ताराम नावाचा मालवणी गृहस्थ, तोंडाने फटकळ. मी त्यास बजावले, "नळ नव्यासारखा आहे. जपून हात लाव." त्याने पान्याने सांधा जरासा फिरविला मात्र, नळी पापडासारखी मोडून त्याच्या हातात आली.

"आजोबानू, लोखंड कधीच गेला!" तो हसत म्हणाला. "निसतो रंग उरलो हा!"

आतून ती गंजाने बुजलेली होती. पाण्याची धार करंगळीएवढी का झाली, हे तेव्हा मला कळले.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. वसंत हळूच म्हणाला, "बाबा, आईला ठाऊक होतं. तुम्ही उठायच्या आत ती रोज फडकं धुऊन परत बांधायची."

"मग मला का सांगितले नाही?"

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?"

राधाबाई, हे तू बरे केले नाहीस. माझा अभिमान राखण्यासाठी थंडीवाऱ्यात ते फडके घाशीत राहिलीस? एकदा तरी माझ्यापुढे आपटायचे होतेस! मी ओरडलो असतो, अबोला धरला असता. पण पुढे नळ बदलला असता का? ते मलाही सांगवत नाही.

आता घरात थेंब नाही. ज्यांच्या कळश्या तू भरल्यास, त्यांच्याच दारी वसंत बादली घेऊन जातो. मी आत बसून राहतो. फार थकलो आहे गं.

उद्या दत्ताराम नव्या नळ्या भिंतीच्या बाहेरून घालील. त्यांना रंग देऊ नये, असे मी त्यास सांगितले आहे.

काम पुरे होताच मी स्वतः मालाडला जाईन. वसंताकरवी निरोप धाडणार नाही. व्याह्यांच्या ओटीवर, सर्वांसमक्ष, सुमतीस म्हणेन, "सूनबाई, तुमचेच म्हणणे खरे होते. घरी चला." सकाळपासून हे वाक्य मनात घोळवीत आहे, मोठ्याने उच्चारण्याचे धैर्य अजून झालेले नाही. परंतु उच्चारीन. तुला वचन देतो.

ज्यास तू कधी नावाने हाक मारली नाहीस, तो तुझा
दामोदर